खाऱ्या पाण्यावरील एक तास : ‘फ्लोटेशन टँक’विषयी थोडी माहिती

आकडेवारी, ताळेबंद आणि आभार यांच्या जोडीने वार्षिक अहवालात एखादा माहितीपर लेख देण्याची आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. यंदा विषय शोधावा लागला नाही. तो आमच्याकडे चालून आला. मानदुखी, पाठदुखी, निद्रानाश, सततची धास्ती अशा तक्रारी घेऊन बाह्यरुग्ण विभागात येणारे काही रुग्ण आणि त्यांचे नातलग ‘अंधाऱ्या टाकीत तरंगण्याचा तो उपचार आपल्याकडे होतो का’, अशी विचारणा करू लागले आहेत. कोणाच्या परदेशस्थ मुलीने तो घेतलेला असतो, तर कोणी महानगरातल्या एखाद्या केंद्राची जाहिरात पाहिलेली असते. अशातच एका जुन्या हितचिंतक कुटुंबाने आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ अशी एक टाकी रुग्णालयास भेट देण्याची इच्छा व्यक्त केली. देकार मनापासून होता आणि रक्कमही लहान नव्हती. तो स्वीकारण्यापूर्वी विश्वस्त मंडळाने भौतिकोपचार, भूलशास्त्र आणि परिचर्या या तीन विभागांतील आम्हा तिघांकडून टिपण मागवले. त्यातील सर्वांच्या उपयोगी पडेल असा भाग येथे देत आहोत.

प्रथम वस्तू कशी असते ते पाहू. साधारण आठ फूट लांब आणि चार-पाच फूट रुंद अशी ही बंद टाकी असते. काही ठिकाणी तिच्याऐवजी लहानशी खोलीच केलेली असते. तिच्यात जेमतेम वीतभर, म्हणजे २५ ते ३० सेंटिमीटर पाणी असते. सुमारे साडेसातशे लिटर पाण्यात साडेचारशे किलो ‘एप्सम सॉल्ट’ विरघळवलेले असते. हे आपले जेवणातले मीठ नव्हे, तर मॅग्नेशियम सल्फेट होय. इंग्लंडमधील एप्सम या गावच्या झऱ्यावरून त्याला हे नाव पडले. आपल्याकडे द्राक्षबागायतदार हेच द्रव्य पोत्यांनी आणून वेलींना देतात. आमच्या प्रसूतिविभागातही ते असतेच. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका असलेल्या स्त्रियांना ते दिल्यास तो धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या पाहणीतून २००२ साली सिद्ध झाले. म्हणजे हे द्रव्य आम्हाला अपरिचित नाही. त्याचा हा वापर मात्र नवा.

एवढे क्षार मिसळल्यावर पाण्याची घनता साध्या पाण्याच्या सव्वापट होते. मनुष्यदेहाची घनता साध्या पाण्याच्या जवळपास असते. त्यामुळे ज्याला पोहण्याचा ओ की ठो येत नाही असा मनुष्यही येथे बुचासारखा वर राहतो आणि शरीराचा सुमारे पाचवा भाग पाण्याबाहेर असतो. मृत समुद्रावर लोक पाठीवर पडून वर्तमानपत्र वाचतात, त्यामागील कारण हेच. साध्या मिठाचे इतके दाट पाणी त्वचेला फार कोरडे करते. एप्सम सॉल्ट त्या मानाने सौम्य असते आणि पाण्यात विपुल विरघळते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्याचे तापमान. ते ३४.५ ते ३५.५ अंश सेल्सियस ठेवतात. शरीराचे आतील तापमान ३७ अंश असताना पाणी त्याहून कमी का, असा प्रश्न पडेल. शरीर सतत उष्णता निर्माण करीत असते आणि ती बाहेर टाकावी लागते. पाणीही ३७ अंशांवर असेल तर ती जाणार कोठे? मनुष्य थोड्याच वेळात कासावीस होईल. त्वचेचे तापमान मात्र चौतीस-पस्तीस अंशांच्या आसपास असते. पाणी नेमके तितके ठेवले की ते ना ऊन वाटते, ना गार. काही वेळाने आपले अंग कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते, हेच कळेनासे होते. झाकण लावले की अंधार होतो, कानांत बोळे घातले की आवाज थांबतात आणि पाण्याने भार उचलल्यामुळे अंथरुणाचा टोचणारा स्पर्शही उरत नाही. सामान्यतः एक सत्र तासाभराचे असते.

या टाकीचा जन्म विश्रांतीसाठी झाला नाही. १९५० नंतरच्या दशकात कॅनडातील माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या मार्गदर्शनाखाली एक प्रयोग झाला. दिवसाला २० डॉलर मोबदला देऊन विद्यार्थ्यांना छोट्या खोलीत पलंगावर पडून राहण्यास सांगण्यात आले. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर मोजे व पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांवर यंत्राची एकसुरी घरघर. काम काहीच नाही, पैसे मात्र चांगले. तरीही बहुतेक जण दोन-तीन दिवसांपलीकडे टिकले नाहीत. विचार भरकटू लागले, नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. एका विद्यार्थ्याला पाठीवर पोती घेऊन शिस्तीने चाललेल्या खारींची रांग दिसली! १९५४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ‘संवेदनांपासून वंचित करणे’ हा शब्दप्रयोग एखाद्या छळाच्या प्रकारासारखा लोकांच्या मनात बसला. पुढील काळात कैद्यांच्या चौकशीसाठी अशा तंत्रांचा खरोखरच गैरवापर झाला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्याच वर्षी, १९५४ मध्ये, अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जॉन लिली या मज्जाशास्त्रज्ञाने पाण्याची पहिली टाकी उभारली. बाहेरून काहीच संवेदना आल्या नाहीत तर मेंदू झोपी जातो का, हा त्यांचा प्रश्न होता. त्या वेळी माणूस पाण्यात उभा, डोक्यावर मुखवटा आणि श्वासासाठी नळ्या असा सारा अवजड प्रकार होता. मेंदू झोपत नाही, तो आपल्याच उद्योगाला लागतो, हे लिलींना स्वतःवर प्रयोग करून आढळले. पुढे हेच गृहस्थ मादक द्रव्ये घेऊन टाकीत उतरू लागले आणि त्यांच्या नावाबरोबर टाकीच्या नावालाही बट्टा लागला. १९८० साली आलेल्या ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या चित्रपटात टाकीत शिरलेला शास्त्रज्ञ वानरसदृश प्राणी होऊन बाहेर पडतो; तो पाहून कितीजण घाबरले असतील कोण जाणे.

मधल्या काळात मिठाच्या पाण्यावर आडवे तरंगण्याची पद्धत रूढ झाली. लिलींच्या कार्यशाळेला आलेल्या ग्लेन पेरी या संगणक-प्रोग्रॅमरने १९७०च्या दशकात घरगुती व व्यावसायिक वापराची टाकी तयार केली. तिचे नाव होते ‘समाधी’. आमच्या मते ते नाव जरा मोठेच झाले; पण हा तास भीतीचा नसून विसाव्याचा असू शकतो, हे त्यातून प्रथमच लोकांसमोर आले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील पीटर स्यूडफेल्ड आणि रॉडरिक बोरी यांनी ‘वंचित’ हा शब्द टाकून देऊन ‘बाह्य उद्दीपन मर्यादित करण्याचा उपचार’ असे नवे नाव दिले. इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘रेस्ट’, म्हणजे विश्रांती, असा शब्द होतो. १९८०च्या दशकात एड्सच्या भीतीने अमेरिकेतील अनेक केंद्रे ओस पडली. पाण्यातून एचआयव्ही पसरत नाही, हे आज आपण सर्व जाणतो. त्या वेळी भीतीपुढे कोणाचे चालले नाही.

आमचा अनुभव

केवळ वाचून टिपण देणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही. म्हणून आम्ही तिघांनी महानगरातील एका केंद्रात स्वखर्चाने प्रत्येकी दोन सत्रे घेतली. आधी स्नान, कानांत बोळे, अंगावर कोठे खरचटले असेल तर त्यावर पेट्रोलियम जेलीचा लेप. त्या दिवशी दाढी करून येऊ नये अशी सूचना असते; ती का, हे आमच्यातील एकाला पाण्यात शिरताच समजले. डोळ्यांत थेंब गेला तर चांगलीच आग होते. त्यासाठी साध्या पाण्याची बाटली हाताशी ठेवलेली असते.

पहिली दहा-पंधरा मिनिटे सुखाची नव्हती. शरीर तरंगते हे मान्य होते. मान मात्र मान्य करीत नाही. डोके बुडेल या भयाने ती आपोआप ताठ धरली जाते. भौतिकोपचाराच्या दृष्टीने हे पाहण्यासारखे होते. दिवसभर डोक्याचा भार पेलण्याची सवय या स्नायूंना इतकी जडलेली असते की, भार नाहीसा झाला तरी त्यांना त्याची वार्ता लागत नाही. दोन्ही हात डोक्याच्या बाजूंनी वर नेले, तेव्हा कोठे मान सुटली. आमच्यातील एकाला बंद झाकणाखाली गुदमरल्यासारखे वाटले आणि त्याने पहिले सत्र झाकण अर्धे उघडे ठेवून पूर्ण केले. तशी मुभा प्रत्येक चांगल्या केंद्रात असते, आणि आतून कडी नसते.

नंतरचा काळ मात्र वेगळा होता. बाहेरचे सारे बंद झाल्यावर सर्वत्र शांतता पसरेल, अशी आमची अपेक्षा होती. प्रत्यक्षात शरीरच बोलू लागले. हृदयाचा ठोका कानांत स्पष्ट ऐकू येऊ लागला. श्वास आत घेतला की शरीर किंचित वर येते आणि सोडला की खाली जाते, हेही कळू लागले. पापण्यांची उघडझाप, पोटातील हालचाल, पूर्वी कधी न जाणवलेली खांद्याची एक गाठ, अशा गोष्टी एकामागून एक पुढे आल्या. वेळेचा अंदाज तिघांचाही चुकला. कोणाला तास वीस मिनिटांचा वाटला, तर कोणाला दोन तासांचा. आमच्या अधिपरिचारिका दुसऱ्या सत्रात झोपी गेल्या. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, ‘इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तासभर कोणी सिस्टर म्हणून हाक मारली नाही.’ या वाक्याचा विचार आम्ही टिपण लिहिताना पुष्कळ केला.

पुरावा काय सांगतो

शरीराची ही अंतर्जाणीव केवळ आमची कल्पना नव्हे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथील लॉरिएट मेंदू संशोधन संस्थेत जस्टिन फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत नेमके हेच मांडले. टाकीत संवेदना संपत नाहीत. बाहेरच्या कमी होतात आणि हृदय व श्वासाच्या आतील संवेदना ठळक होतात. धास्तीने ग्रासलेल्या माणसाला धडधडणारे हृदय एरवी संकटाची सूचना वाटते. येथे तेच ठोके शांत अवस्थेत ऐकायला मिळतात. त्यांच्या एका अभ्यासात चिंताविकार व तणावाचे विकार असलेल्या ५० जणांनी एक तासाचे एकच सत्र घेतले. सत्रानंतर त्यांची चिंता आणि खिन्नता लक्षणीय उतरली. मात्र त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा उपचार घेणारा गट नव्हता आणि तपासलेला परिणामही त्याच दिवसाचा होता.

वेदनेबाबत सर्वांत जुन्या उल्लेखनीय अभ्यासांपैकी एक स्वीडनमधील आहे. स्नायूंच्या ताणामुळे दुखणे असलेल्या ३७ रुग्णांवर तीन आठवड्यांत नऊ सत्रांचा प्रयोग करून आनेट शेलग्रेन व सहकाऱ्यांनी २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीव्र वेदना कमी झाल्या. सौम्य वेदनांवर परिणाम दिसला नाही. यानंतर अनेकांच्या आशा वाढल्या. मग २०२१ मध्ये जर्मनीतून आलेल्या अभ्यासाने त्यांना लगाम घातला. दीर्घकालीन वेदनेच्या ९९ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले होते. एकाला खरे तरंगणे, दुसऱ्याला त्यासारखाच भासणारा पर्यायी उपचार, तिसऱ्याला केवळ प्रतीक्षा. पाच सत्रे झाली. सत्र संपताच वेदना आणि चिंता हलक्या झाल्या, विश्रांतीही लाभली. परंतु पुढील काळात पाहिले असता टाकीने पर्यायी उपचाराहून अधिक काही दिलेले आढळले नाही. आम्ही विश्वस्तांना जे सांगितले त्याचा पाया हा अभ्यास आहे. टाकी विसावा देते हे खरे. तो विसावा टिकतो, असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

टाकीतील मॅग्नेशियम त्वचेतून शरीरात जाते आणि त्यामुळे स्नायू सैल होतात, हे विधान जाहिरातींत हमखास आढळते. त्यालाही पुरेसा आधार नाही. स्नायू सैल होतात ते भार उतरल्यामुळे.

कोणी टाकीत उतरू नये, हेही सांगितले पाहिजे. आटोक्यात नसलेला अपस्मार, उघड्या जखमा, संसर्गजन्य त्वचारोग, फाटलेला कानाचा पडदा, फार कमी रक्तदाब, भ्रम वा भास होणारे मनोविकार असलेल्यांनी, तसेच मद्य घेतलेल्यांनी तो मोह टाळावा. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ते पाणी गिळणे विशेष धोक्याचे असते, कारण जादा मॅग्नेशियम त्यांच्या शरीरातून बाहेर पडत नाही. भूलतज्ज्ञाच्या नजरेला आणखी एक गोष्ट खटकली. तासभर आडवे राहून एकदम उठले की रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. त्यात क्षाराच्या पाण्याने ओली झालेली फरशी अत्यंत निसरडी असते. वृद्ध रुग्णाला अंधारातून, ओल्या अंगाने, बाहेर काढणे एकट्या मावशींचे काम नव्हे.

आता देणगीचा प्रश्न. टाकी विकत घेणे हा त्यातील सोपा भाग आहे. भरलेल्या टाकीचे वजन सव्वा टनाच्या पुढे जाते. आपल्या जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर ती ठेवता येणार नाही आणि तळमजल्यावर रिकामी जागा नाही. क्षार लोखंडाला खातो. प्रत्येक व्यक्तीनंतर पाणी गाळून निर्जंतुक करावे लागते. दाट क्षारात पुष्कळ जंतू वाढत नाहीत हे खरे. परंतु प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण जेथे वावरतात तेथे एवढ्यावर विसंबून चालत नाही. आधीचे स्नान, एक तासाचे सत्र, नंतरचे स्नान आणि पाण्याची शुद्धी धरली तर एका व्यक्तीस पावणेदोन-दोन तास लागतात. आठ तासांच्या दिवसात फार तर चार जणांची सोय होईल. भौतिकोपचार विभागातील एका साध्या पलंगावर तेवढ्याच वेळात याच्या तिपटीहून अधिक रुग्ण पाहिले जातात.

याच शहरांमधून या बाबतीत काही घडलेले नाही असेही नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी सहकाऱ्यांसह उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि १९६९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध न घेणाऱ्यांचा रक्तदाब उतरला, तर औषधे घेणाऱ्यांपैकी अनेकांची मात्रा कमी करता आली. आजच्या निकषांवर तो अभ्यास लहानच. शिवाय शवासन आणि टाकी यांची समोरासमोर तुलना त्यात अर्थातच नाही. परंतु जमिनीवर पडून श्वासाकडे लक्ष देणे शिकवायला सतरंजी आणि शिकवणारा माणूस पुरतो, आणि एकदा शिकलेला रुग्ण ते घरी रोज करू शकतो. टाकी घरी नेता येत नाही.

म्हणून आम्ही टाकी न स्वीकारण्याची शिफारस केली. तिच्याबरोबर दुसरीही केली, आणि ती त्या अधिपरिचारिकांच्या वाक्यातून निघाली. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर नातलग रात्रंदिवस बसलेले असतात. दर दोन मिनिटांनी कोणाचे तरी नाव पुकारले जाते, ट्रॉली खडखडत जाते, दिवे कधीच मालवत नाहीत. त्यांच्यासाठी आणि रात्रपाळी संपवलेल्या परिचारिकांसाठी मंद उजेडाची, आवाज न पोहोचणारी आणि आडवे होता येईल अशी एक खोली असावी. रुग्णाविषयी निरोप आला तर तो आत जाऊन, खांद्याला हात लावून दिला जावा. देणगीदार कुटुंबातील ज्येष्ठांशी यावर दोनदा बोलणे झाले. प्रथम ते थोडे नाराज झाले, ते स्वाभाविकच होते. नंतर त्यांनी स्वतः येऊन रात्री अकराच्या सुमारास ते बाक पाहिले आणि देणगीचा विनियोग बदलण्यास लेखी संमती दिली. खोलीचे काम सुरू आहे. खर्चाचा तपशील या अहवालाच्या हिशेब विभागात स्वतंत्र दाखवला आहे.

ज्यांना खाजगी केंद्रात जाऊन हा अनुभव घ्यायचा असेल त्यांनी अवश्य घ्यावा. आम्हाला तो सुखद वाटला, हे आम्ही लपवीत नाही. जाण्यापूर्वी चालू औषधांची यादी आपल्या डॉक्टरांना दाखवावी. केंद्रात पाणी कशाने आणि किती वेळा शुद्ध करतात, हे निःसंकोच विचारावे. पहिल्या वेळी झाकण उघडे ठेवावे. रक्तदाबाची वा झोपेची औषधे स्वतःहून बंद करू नयेत. शंका असल्यास भौतिकोपचार विभागात कामकाजाच्या वेळेत भेटावे. या सल्ल्यासाठी शुल्क आकारले जात नाही.